दवंडी, रोजकीर्द आणि काफ्का : निरोप जपून ठेवण्याचा इतिहास



कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारेत बोलायचं म्हटल्यावर मंडळींची अपेक्षा अशी होती, की तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक आहेत, तर मन्मथस्वामींच्या परमरहस्यावर बोलतील. त्या विषयावर बोलणारे आमच्याहून अधिकारी लोक इथे बसलेले आहेत. आम्ही आज एका यंत्राच्या इतिहासावर बोलणार आहोत. यंत्र म्हणजे तरी काय, संगणकावर चालणारी एक व्यवस्था. एकाने निरोप लिहायचा आणि दुसऱ्याने तो वाचायचा, एवढंच तिचं काम. तिला स्ट्रीमिंग प्लॅटफॉर्म म्हणतात. आपल्या जिल्ह्यातली पोरं पुण्याला जाऊन हेच शिकतात आणि सुट्टीत घरी आली की त्यांना सांगता येत नाही, आपण नक्की काय करतो ते. त्यांच्या आईवडिलांसाठी हे व्याख्यान आहे असं समजा.

सुरुवात आम्ही १९७२ पासून करतो.

दुष्काळाचं वर्ष. आम्ही तेव्हा विशीत होतो. बालाघाटाच्या डोंगरावर आमचं गाव, आणि घर गावात नाही, ओढ्यापलीकडे शेतातल्या वस्तीवर. एके दिवशी गावात दवंडी झाली. शेजारच्या शिवारात रस्त्याचं काम निघालंय, खडी फोडायला माणसं पाहिजेत, उद्या चावडीवर नावं लिहून द्या. कोतवालानं हलगी वाजवली, तीन ठिकाणी उभा राहून ओरडला आणि गेला. आमचे वडील त्या वेळी विहिरीत उतरून गाळ काढत होते. वस्तीपर्यंत हलगीचा आवाज आला नाही. बातमी कळली ती पाच दिवसांनी, बाजाराच्या दिवशी. तोवर हजेरीपट भरला होता. दुसरी यादी निघायला तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत आमचा एक बैल विकला गेला.

वडील कोतवालाला बोलले. कोतवाल म्हणाला, "दादा, मी दवंडी दिली होती." वडील म्हणाले, "आम्हाला ऐकू आली नाही." दोघंही खरं बोलत होते. पुढे आयुष्यभर आम्ही तर्कशास्त्र शिकवलं, पण निरोप दिला आणि निरोप मिळाला ही दोन वेगळी विधानं आहेत, एक खरं असून दुसरं खोटं असू शकतं, हे आम्ही तिथे शिकलो. आज जो इतिहास सांगायचा आहे, तो या दोन विधानांमधलं अंतर माणसानं कसकसं भरून काढायचा प्रयत्न केला, त्याचा आहे.

जुन्या काळात याच्या तीन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा दवंडीची. सांगणारा एक, ऐकणारे कितीही. सांगणाऱ्याला कोण ऐकतंय हे माहीत असण्याची गरज नाही, हा तिचा मोठा गुण. आणि त्या क्षणी हजर नसलेल्याला ती कधीच मिळत नाही, हा तिचा दोष. रेडिओ आला तरी ही जात बदलली नाही, फक्त हलगीचा आवाज लांब गेला. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं युद्धबंदीची घोषणा रेडिओवरून केली. आपला बीड जिल्हा त्याच संस्थानातला. ज्यांच्याजवळ रेडिओ होता त्यांना ती त्याच दिवशी कळली. बाकीच्या गावांना माणसाच्या तोंडून, मागाहून.

दुसरी तऱ्हा जासुदाची. एकाचं पत्र, एकालाच. ते पोहोचलं तर उत्तम. वाटेत अडलं किंवा भलत्याच्या हाती पडलं तर वेगळंच काहीतरी होतं. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ जी पहिली ठोस खबर लागली, ती फौजेच्या स्वतःच्या जासुदाकडून नव्हे. एका सावकारी पेढीचं पत्र दक्षिणेकडे चाललं होतं, ते वाटेत हाती लागलं. मोती आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत त्यात माणसांच्या हानीचा हिशेब होता. लढाईला तोवर सुमारे दहा दिवस झाले होते. म्हणजे ज्याला सर्वांत आधी कळायला हवं, त्याच्या नावानं ते पत्र लिहिलेलंच नव्हतं. आम्हाला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की निरोप कुणाकुणाला लागणार आहे याची पूर्ण यादी लिहिणाऱ्याजवळ कधीच नसते.

तिसरी तऱ्हा आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे, पण तिच्याकडे निरोप म्हणून आपण पाहत नाही. ती म्हणजे रोजकीर्द. दुकानदाराची घ्या नाहीतर सरकारची घ्या. रोज जे घडलं ते घडल्या क्रमानं, एकाखाली एक लिहीत जायचं. मागची ओळ खोडायची नाही. चूक झाली तर खाली नवी ओळ लिहून दुरुस्त करायची. पुण्याच्या अभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, त्यात रोजकीर्दीचे रुमालच्या रुमाल आहेत, मोडीत लिहिलेले. लिहिणाऱ्या कारकुनाला वाटलं असेल, संध्याकाळी फडणीस बघतील, फार तर वर्षाअखेरीला कुणी तपासेल. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गणेश चिमणाजी वाड यांनी काढलेले रोजनिशीतले उतारे छापून आले. १९३० ते १९३४ या काळात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. आजही कुणी संशोधक तिथे बसून मोडी वाचत असेल. वही एकच. फडणीसानं ती एका कामासाठी वाचली, वाडांनी दुसऱ्या, सरदेसायांनी तिसऱ्या. एकानं वाचली म्हणून दुसऱ्यासाठी ती संपली नाही. आणि कारकुनाला यांच्यापैकी कुणाचं नावही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

दवंडी, जासूद आणि रोजकीर्द या तीन तऱ्हा ध्यानात ठेवा. संगणकाच्या जगानं गेल्या चाळीस वर्षांत याच तीन वाटा पुन्हा चालून पाहिल्या. आणि गंमत अशी, की या वाटेच्या पहिल्या टप्प्यावर आणि शेवटच्या टप्प्यावर आपल्याला ओळखीची मराठी आडनावं भेटतात.

पहिलं नाव विवेक रणदिवे. मुंबईत जन्म, शिक्षण अमेरिकेत, एमआयटीमध्ये. संगणकाच्या पेटीत एक सामाईक तारांचा पट्टा असतो, त्याला बस म्हणतात. कुठलंही नवं कार्ड त्या पट्ट्यात खोचलं की ते बाकीच्यांशी बोलायला लागतं, प्रत्येकाशी वेगळी तार जोडावी लागत नाही. रणदिव्यांचा प्रश्न साधा होता. यंत्राच्या भागांना हे जमतं, तर आज्ञावल्यांना, म्हणजे सॉफ्टवेअरला, का जमू नये? १९८० च्या दशकात टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या कंपनीत त्यांनी अशी माहितीची बस उभी केली. शेअरबाजारात भाव सेकंदासेकंदाला बदलतात, आणि ते एकाच वेळी शेकडो दलालांना पाहिजे असतात. भाव सांगणाऱ्यानं विषयाचं नाव लावून तो बसवर टाकायचा, ज्याला त्या विषयात रस आहे त्यानं तो उचलायचा. पुढे रॉयटर्सनं ही कंपनी विकत घेतली, आणि १९९७ मध्ये टिबको ही नवी कंपनी निघाली. तिच्या नावातच ती बस आहे. ही मूळ कल्पना आमच्या हिशेबानं दवंडीची तऱ्हा, अत्यंत वेगवान दवंडी. दलालाला आत्ताचा भाव हवा असतो, मघाच्या भावाला गिऱ्हाईक नाही. त्यामुळे त्या कामाला ती फार चांगली लागू पडली.

त्याच सुमारास दुसरीकडे बँका आणि मोठे कारखाने निरोपांच्या रांगा वापरू लागले. आयबीएमची एमक्यू सिरीज १९९३ ची. ही जासुदाची तऱ्हा. निरोप रांगेत उभा राहतो, घेणारा तो घेतो, पोच देतो, आणि पोच मिळाली की निरोप रांगेतून काढून टाकतात. पैशाच्या व्यवहाराला हे भरवशाचं. पण साधारणपणे एका घेणाऱ्यानं निरोप उचलला, की तो दुसऱ्यासाठी उरत नाही. शिवाय कुणी काय घेतलं, कुणाची पोच आली, कुणाची राहिली, हा सगळा हिशेब रांग सांभाळणाऱ्याच्या डोक्यावर.

आता तिसरी वाट. २०१० च्या आसपास लिंक्डइन या कंपनीत अडचण अशी होती, की लाखो लोक संकेतस्थळावर काय बघतात, कुठे थांबतात, याच्या नोंदी सतत निर्माण होत होत्या. त्या शोधयंत्रणेला हव्या होत्या, हिशेबाला हव्या होत्या, सुरक्षेला हव्या होत्या. प्रत्येक ठिकाणाहून प्रत्येक ठिकाणी वेगळी वाहिनी टाकत गेलं, तर जाळंच होतं. तिथल्या तिघांनी, जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी, एक नवी व्यवस्था रचली. नेहा नारखेडे पुण्यात वाढल्या, पुण्याच्या पीआयसीटी महाविद्यालयात शिकल्या आणि पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत जॉर्जिया टेकला गेल्या. २०११ मध्ये या तिघांनी आपल्या रचनेवर शोधनिबंध वाचला, आणि त्याच वर्षी ती अपाचे संस्थेमार्फत सर्वांना खुली झाली. २०१४ मध्ये तिघांनी मिळून कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली.

या व्यवस्थेचं नाव काफ्का. हो, तोच प्रागचा लेखक. क्रेप्स यांना त्याचं लेखन आवडत होतं, आणि ही व्यवस्था मुख्यतः लिहिण्यासाठी बनवली आहे, म्हणून लेखकाचं नाव. आम्ही वर्गात काफ्का शिकवलेला आहे, त्यामुळे आम्हाला दुसरीच गोष्ट आठवते. त्याची १९१९ मध्ये छापून आलेली एक अगदी छोटी कथा आहे. मरणाच्या दारातला सम्राट एका सामान्य प्रजाजनासाठी निरोप देतो, दूत धावत सुटतो, पण महालांमागून महाल, अंगणांमागून अंगणं, तो बाहेरच पडू शकत नाही. न पोहोचणाऱ्या निरोपाची कथा लिहिणाऱ्याचं नाव निरोप पोहोचवणाऱ्या यंत्राला मिळालं.

पण मुद्दा नावाचा नाही. मुद्दा असा, की या तिघांनी दवंडी आणि जासूद सोडून रोजकीर्द धरली. येणारा प्रत्येक निरोप वहीत खाली लिहायचा. कुणी वाचला म्हणून तो काढायचा नाही. आणि सर्वांत मोठा बदल हा, की कुणी कुठवर वाचलं याची काळजी वही सांभाळणाऱ्यानं करायची नाही. ती खूण वाचणाऱ्याची. इथे कपिलधारेत पारायण बसतं तेव्हा काय होतं? पोथी तीच असते. कुणाचा तिसरा अध्याय चाललेला असतो, कुणाचा सातवा. ज्याची खूण त्याच्याजवळ. कुणी उशिरा आला म्हणून पहिला अध्याय नाहीसा झालेला नसतो. काफ्काचं सगळं बळ या साध्या गोष्टीत आहे.

क्रेप्स यांनी २०१३ मध्ये या नोंदवहीच्या कल्पनेवर एक मोठा लेख लिहिला. त्यातला विचार आपल्या कोणत्याही मुनीमाला सांगा, तो म्हणेल, यात नवीन काय? कीर्द आणि खतावणी. कीर्दीत घडलं तसं लिहायचं, खतावणीत नावावार बाकी काढायची. खतावणी जळाली तर कीर्दीवरून पुन्हा लिहिता येते, कीर्द जळाली तर खतावणीवरून ती उभी करता येत नाही. म्हणून कीर्द मूळ.

आता हे सुरू कसं करायचं? आम्ही एका माजी विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर एका दुपारी केलं, ते जसं झालं तसं सांगतो. चार शब्द लागतात. लिहिणारा तो प्रोड्यूसर, वाचणारा तो कन्झ्यूमर, वही म्हणजे टॉपिक, आणि वही सांभाळणारी चावडी म्हणजे ब्रोकर.

आधी संगणकावर जावा लागतं, ते होतं. मग काफ्का उतरवून घेतलं आणि चावडी उघडली. मग वही उघडायची. आम्ही हौसेनं तिचं नाव देवनागरीत 'दवंडी' दिलं, तर ते घेईना. वहीचं नाव रोमन अक्षरं, आकडे, टिंब आणि रेघ एवढ्यातच लिहावं लागतं. आत लिहिलेला निरोप मात्र मराठीत चालतो, कारण वहीच्या लेखी ते नुसते बाइट्स असतात. भाषा लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची. मग पडद्यावर दोन खिडक्या उघडल्या. एकीत लिहिणारा बसवला, दुसरीत वाचणारा. पहिल्या खिडकीत लिहिलं, "खडीचं काम निघालंय", की दुसरीत ती ओळ उमटली. आम्ही लहान मुलासारखे हसलो.

मग आम्ही मुद्दाम वाचणाऱ्याची खिडकी बंद केली. वडील विहिरीत उतरले असं समजा. पहिल्या खिडकीत आणखी तीन निरोप लिहिले. आणि वाचणाऱ्याला पुन्हा बसवलं. काय झालं असेल? काहीच दिसलं नाही. तीनही निरोप चुकले. आम्ही त्या विद्यार्थ्याला म्हटलं, "अरे, मग यात आणि हलगीत फरक काय?" तो म्हणाला, "सर, तुम्ही त्याला कुठून वाचायचं ते सांगितलंच नाही. न सांगितलं तर तो आत्तापासून पुढचं वाचतो. निरोप वहीतच आहेत." मग 'सुरुवातीपासून' अशी सूचना देऊन वाचणाऱ्याला बसवलं, आणि पहिल्या ओळीपासून सगळे निरोप भराभर खाली आले. खडीचं कामही आलं.

अंगावर काटा आला म्हणालो तर ते नाटकी वाटेल. पण आम्ही थोडा वेळ बोललो नाही, एवढं खरं.

नंतर वाचणाऱ्याला एक नाव दिलं. नाव दिलं की त्याची खूण जपली जाते. कुठल्या ओळीपर्यंत वाचलं तो आकडा म्हणजे ऑफसेट, आणि काफ्का तोही एका वेगळ्या वहीत लिहून ठेवतं. आता खिडकी बंद केली, तीन निरोप लिहिले, त्याच नावानं पुन्हा बसलो, तर बरोबर तेच तीन निरोप आले. कमी नाहीत, जास्त नाहीत.

या नावाला ग्रुप म्हणतात, कारण एका नावाखाली अनेक वाचणारे बसू शकतात. वही मोठी झाली की तिचे भाग करतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. एका घरातल्या तीन भावांनी तीन भाग वाटून घ्यावेत, तसे एका ग्रुपमधले वाचणारे भाग वाटून घेतात. एक भाग दोघांकडे जात नाही. शेजारच्या घराचा ग्रुप वेगळा, त्याला सगळी वही पुन्हा वाचता येते. एक काळजी घ्यायची. क्रम राखला जातो तो एका भागाच्या आत, सगळ्या वहीचा मिळून नाही. म्हणून एका गावाचे निरोप क्रमानं हवे असतील, तर गावाचं नाव त्यांना किल्ली म्हणून लावायचं. मग ते एकाच भागात जातात.

नवशिके हटकून चुकतात ती जागा खुणेची. पोथी वाचताना खूण पुढे सरकवून मग ओवी वाचली, आणि मधेच कुणी हाक मारली, तर ती ओवी राहून जाते. ओवी वाचून मग खूण सरकवायची ठरवली आणि हाक आली, तर तीच ओवी दोनदा होते. यंत्राचंही तसंच. आधी खूण केली तर निरोप हरवण्याची भीती, मागून केली तर दोनदा हाती येण्याची. पुष्कळ ठिकाणी दुसरी वाट धरतात, आणि दोनदा आला तरी बिघडणार नाही अशी कामाची रचना करतात. मजुराचं नाव हजेरीपटावर आधीच असेल तर दुसऱ्यांदा लिहायचं नाही, एवढं बघितलं की झालं. नेमकं एकदाच, याची सोय काफ्कामध्ये २०१७ मध्ये आली, पण ती वहीतून वाचून वहीतच लिहिण्यापुरती. वहीबाहेरच्या जगाची हमी तिला देता येत नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीनं सर्वांत गंभीर.

वही आहे म्हणजे निरोप कायमचा आहे असं नाही. काफ्कामध्ये तुम्ही काही सांगितलं नाही, तर निरोप सात दिवस ठेवला जातो, मग जुनी पानं काढून टाकतात. सात दिवस ठेवायचं की सात वर्षं, हे वहीचा मालक ठरवतो. आमच्या वडिलांना बातमी पाच दिवसांनी कळली. त्यांचं या वहीत भागलं असतं. आठव्या दिवशी येणाऱ्याचं काय, हा प्रश्न यंत्राचा नाही, धोरणाचा आहे.

आणि मालक कोण? १९७२ मध्ये आम्ही फक्त ऐकणारे होतो. आज तुम्ही इथे बसून मोबाइलवर बोट फिरवता, तेव्हा तुम्ही लिहिणारे असता. कुठे थांबलात, किती वेळ बघितलं, काय विकत घेतलं, एकेक ओळ कुठल्यातरी वहीत उतरते. ती वही तुम्ही उघडलेली नाही, ती कोण वाचतं तुम्हाला दिसत नाही, आणि ती किती दिवस ठेवायची हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. पेशव्यांच्या कारकुनाला पुढचा वाचक माहीत नव्हता, पण आपण लिहितो आहोत एवढं तरी त्याला माहीत होतं.

तेव्हा जी मुलं हे काम शिकत आहेत, त्यांना आमचं सांगणं असं. पहिला निरोप लिहिता-वाचता येणं हे एका दुपारचं काम आहे, घाबरू नका. पण कुठलीही वही उघडण्याआधी तीन प्रश्न विचारा. हिच्यात कोण लिहितो आणि त्याला ते माहीत आहे का? जो आज हजर नाही, त्याला मागचं वाचता येईल का? आणि पानं कधी काढायची, हे कोणी ठरवलं?

ओढ्यापलीकडच्या वस्तीवर अजून माणसं राहतात. हलगी त्यांना ऐकू जात नाही. तुम्ही वही अशी ठेवा, की ती विहिरीतून वर आली, हातपाय धुऊन बसली, की त्यांना आपला निरोप वाचता यावा.